धान्यातली कीड आणि सुगंधी तेलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गहू, ज्वारी, तूर उन्हाळ्यात घरात येते आणि पावसाळ्यात किडते, हे दरवर्षीचंच. अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या घरगुती उपायांमुळे एक प्रश्न फार वाढला आहे : एरंडेल नको, पावडर नको, निलगिरीचे नाहीतर लवंगेच्या तेलाचे चार थेंब टाकले तर भागेल का? भागतं, पण धान्य थोडं असेल, झाकण घट्ट असेल आणि कीड अजून दाण्यात शिरली नसेल तर. या तीन अटी सोडल्या की तेलही वाया जातं आणि धान्यही.

सुगंधी तेल म्हणजे नेमकं कोणतं? एरंडेल किंवा कडुलिंबाचं तेल त्यात धरायचं का?

नाही. एरंडेल, कडुलिंब, करंज, शेंगदाणा ही बी पिळून काढलेली तेलं. ती उडत नाहीत. लवंग, ओवा, दालचिनी, निलगिरी, गवती चहा, सिट्रोनेला, पुदिना यांची तेलं बहुतेक वाफेवर काढतात आणि ती उघड्यावर उडून जातात. इसेन्शियल ऑइल म्हणून छोट्या बाटलीत मिळतात ती हीच.

घरी ओळखायचं असेल तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून कागद पंख्याखाली ठेवा. पिळलेल्या तेलाचा पारदर्शक, तेलकट डाग दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. निलगिरीचा काही तासांत मागमूस राहत नाही. लवंग-दालचिनीला जास्त वेळ लागतो, थोडी पिवळट छटाही राहते, पण कागद तेलकट राहत नाही.

दोघांची काम करायची रीतच वेगळी आहे. एरंडेल दाण्याला लेपासारखं बसतं. त्यावर भुंग्याला अंडं नीट चिकटवता येत नाही, आणि आधी चिकटलेल्या अंड्याची हवा कोंडते. म्हणून ते किलोच्या हिशेबाने लावायचं. सुगंधी तेल वाफ होऊन काम करतं, त्यामुळे त्याचा हिशेब दाण्यांपेक्षा डब्यातल्या हवेचा. घरोघरी होणारी गफलत इथेच आहे : एरंडेल चोळतात तसं लवंगेचं तेल धान्याला चोळतात आणि डबा अर्धवट झाकतात.

धान्यात कोणते किडे पडतात? ते ओळखायची गरज काय? किडा तो किडा.

गरज आहे, कारण तेलाची वाफ एकाला गाठते आणि दुसऱ्याला नाही.

कडधान्यातला भुंगा सगळ्यांना माहीत आहे : मूग, चवळी, तूर, हरभरा. बरणी हलवली की तुरुतुरु पळतो, दाण्याला गोल भोक पाडून बाहेर येतो. हा प्रौढ भुंगा धान्य खातच नाही. दहा-बारा दिवस जगतो, तेवढ्यात मादी दाण्यांवर ऐंशी-शंभर अंडी चिकटवते आणि मरते. खाते ती आतली अळी. चवळीचा दाणा उजेडात धरून बघा. त्यावर मोहरीहूनही लहान ठिपके दिसतील. ठिपका काचेसारखा पारदर्शक असेल तर अंडं ताजं आहे. पांढराशुभ्र झाला असेल तर अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात उतरली आहे, आणि मागे राहिलेल्या टरफलात तिने पोखरलेलं पीठ भरलं आहे. ताज्या अंड्यावर तेलाचा उपयोग होतो. पांढऱ्या ठिपक्यावर फारसा नाही. शिवाय हा भुंगा शेतातच वाळत्या शेंगांवर अंडी घालतो, त्यामुळे 'आमचा डबा स्वच्छ होता, मग आला कुठून' याचं उत्तर बहुतेक वेळा 'शेतातून' असंच असतं.

गहू-तांदूळ-ज्वारीतले सोंडे म्हणजे पुढे सोंड असलेले काळपट किडे. हात लावला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं ठेवते आणि वरून चिकट बूच बसवते. बाहेरून काहीच दिसत नाही. प्रौढ सोंडा महिनोन्महिने जगतो, खातोही.

पीठ, रवा, मैद्यातला तांबडा भुंगेरा अख्ख्या, धडधाकट दाण्याला सहसा काही करू शकत नाही. त्याला फुटका दाणा नाहीतर पीठ लागतं. फार माजला की पिठाला उग्र वास येतो आणि किंचित गुलाबी छटा चढते. ते पीठ फेकूनच द्यावं. तेलांच्या वाफेला हा एकूणच चिवट आहे.

तांदळात जाळी धरते ती पतंगाची अळी. याच पतंगाची अंडी प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवून त्यांवर ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक पोसतात, आणि ऊस-कापसाच्या शेतात लावायची ट्रायकोकार्डं त्यातूनच तयार होतात. घरात शत्रू, शेतात मदतनीस.

खाप्रा भुंगेऱ्याची केसाळ अळी सगळ्यांत हट्टी. गोदामाच्या भिंतीतल्या फटीत उपाशीपोटी दोन-दोन वर्षं पडून राहू शकते.

तेल किड्याला मारतं कसं?

किडा अंगावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतो. त्यातून वाफ आत जाते आणि मज्जासंस्थेवर बसते. काही घटक, म्हणजे लवंगेतलं युजेनॉल वगैरे, ऑक्टोपामाइन या कीटकांच्या मज्जासंदेशात ढवळाढवळ करतात. आपल्या शरीरात ऑक्टोपामाइनला फारसं काम नाही, म्हणून ही तेलं आपल्याला तुलनेने कमी घातक. निलगिरीतलं सिनिओल आणि तत्सम घटक अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइमला अडवतात, आणि ते एन्झाइम मात्र आपल्याकडेही आहे. एका तेलात वीस-पंचवीस घटक असतात, प्रत्येकाचं काम थोडं वेगळं.

मारण्याइतकी वाफ साठली नाही तरी दोन गोष्टी होतात. किडा त्या बाजूला फिरकत नाही, आणि मादी अंडी कमी घालते. घरच्या वापरात खरा फायदा या दोन गोष्टींचाच होतो.

मग कोणती तेलं खरंच चालतात?

प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा चांगली ठरलेली नावं (कंसात त्या तेलातला मुख्य घटक) : ओवा (थायमॉल), लवंग (युजेनॉल), दालचिनी (सिनॅमाल्डिहाइड), निलगिरी (सिनिओल), गवती चहा (सिट्राल), पुदिना (मेंथॉल), वेखंड. इस्रायलमध्ये एली शाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीलाच धान्यातल्या मुख्य किड्यांवर अशा तेलांच्या वाफेचा पद्धतशीर अभ्यास केला होता. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मरे इस्मन यांनी पुढे या विषयावर बरंच लिहिलं. भारतातही कृषी विद्यापीठांमधल्या कीटकशास्त्र विभागांत या विषयावर विद्यार्थ्यांचे प्रबंध होत असतात.

निवडायचंच असेल तर कडधान्यासाठी लवंग किंवा ओव्याचं तेल. दोन्ही स्वयंपाकघरातले वास, डाळीत किंचित उतरले तरी कोणी नाक मुरडत नाही. निलगिरी स्वस्त आहे आणि भराभर उडते, म्हणून रिकामा डबा धुरी दिल्यासारखा शुद्ध करून घ्यायला चांगली. वेखंडाचं तेल मात्र खायच्या धान्यात घालू नका. किड्यांवर ते जबरदस्त आहे, पण त्यातल्या बीटा-असॅरोनबद्दल कर्करोगाची शंका आहे, आणि अमेरिकेने 1968 सालीच वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. बाळाला वेखंड लावतात म्हणून ते निर्धोक, हा हिशेब चुकीचा आहे.

आपल्या मातीतलं एक नाव यात कोणी घेत नाही : खानदेशातलं रोशा गवत, म्हणजे तिखाडी. त्याचं जिरॅनिऑल या सुवासिक घटकाने भरलेलं तेल एके काळी मुंबई बंदरातून थेट तुर्कस्तानपर्यंत जात असे आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरत. किडे पळवायला जिरॅनिऑल चांगलं. खानदेशातल्या एखाद्या शेतकरी गटाने हे तेल धान्यासाठी वापरून बघायला हरकत नाही.

पत्र्याच्या कोठीत दोन क्विंटल गहू आहे. वरून किती थेंब टाकू?

वरून थेंब टाकून काही होणार नाही. प्रयोगशाळेत एक लिटरची रिकामी बरणी असते, झाकणाला कागदाची चकती, चकतीवर काही मायक्रोलिटर तेल, आत दहा-वीस किडे. चोवीस तासांत सगळे मरतात आणि बातमी होते. तुमची कोठी गच्च भरलेली आहे. तेलाची वाफ हवेपेक्षा जड असली तरी दाण्यांमधून हातभर खाली उतरत नाही, कारण वरचेच दाणे ती शोषून घेतात. धान्य भरलेल्या भांड्यात तोच परिणाम साधायला कित्येक पट तेल लागतं, आणि तेवढं घातलं तर गव्हाला दवाखान्याचा वास येतो.

तेल वापरायचंच असेल तर पाच-दहा किलोचे, रबरी कडेच्या झाकणाचे डबे घ्या. कापसाच्या बोळ्यावर तेल घेऊन तो बोळा सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा. तेल दाण्याला थेट लागू देऊ नका. भरताना एक पुरचुंडी तळाशी, एक मध्ये, एक वर. डबा रोज उघडायचा असेल तर हा उपाय सोडाच, कारण प्रत्येक उघडण्यात वाफ निघून जाते. रोजच्या वापराचं धान्य वेगळ्या छोट्या डब्यात काढून ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी पुरचुंडी हुंगून बघा. वास मेला असेल तर तेलाचं कामही संपलं.

'किलोला अमुक थेंब' असे आकडे मोबाइलवर फिरतात. किराणा किंवा आयुर्वेदिक दुकानातल्या बाटलीवर धान्यासाठीची मात्रा छापलेली नसते, कारण ती त्यासाठी विकलेलीच नसते. म्हणून थोडक्यात सुरुवात करा आणि पहिल्यांदा एकाच डब्यावर करून पाहा.

धान्याला आधीच भुंगा लागला आहे. तेल टाकून जाईल का?

जाणार नाही. वर पळणारे भुंगे मरतील, आतली अळी आणि कोष राहतील, आणि दोन आठवड्यांनी नवी पलटण बाहेर येईल. मग तेलाला शिव्या.

आधी चाळा, पाखडा, टोकरलेले दाणे बाजूला काढा. त्यानंतर थोडं धान्य असेल तर डीप फ्रीजर : उणे 18 अंशांवर आठवडाभर ठेवलं की अंड्यापासून प्रौढापर्यंत सगळं संपतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटतं. धान्य जास्त असेल तर ऊन. पण साध्या उन्हात पसरलं तर भुंगे पळून शेजारच्या पोत्यात जातात. जमिनीवर गवताचा नाहीतर पोत्यांचा थर, त्यावर काळा प्लास्टिक कागद, त्यावर दाण्यांचा पातळ थर, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडा दगडांनी दाबलेल्या. चवळीवर केलेल्या कामात तापमान 57 अंशांवर तासभर राहिलं की भुंग्याच्या सगळ्या अवस्था मरतात असं दिसलं. विदर्भ-मराठवाड्यातलं एप्रिल-मेचं दुपारचं ऊन यासाठी पुरेसं आहे. कोकणात आभाळ स्वच्छ असलेला दिवस बघावा लागतो.

हे झाल्यावर, थंड झालेल्या धान्यात, तेलाची पुरचुंडी.

कडुलिंबाचा पाला, बिब्बा, लवंगा, तेजपान, लाल मिरच्या, राख… यात काही तथ्य आहे का?

थोडं आहे. कडुलिंबाच्या सावलीत वाळवलेल्या पाल्याने किड्याचं खाणं आणि अंडी घालणं कमी होतं. फक्त पाला पूर्ण वाळलेला हवा, ओला घातला तर धान्याला बुरशी येते. आख्ख्या लवंगा आणि तेजपानातून तेल फारच हळू सुटतं. वाण्याच्या काउंटरवरच्या बरणीत दोन तेजपानं ठेवून फारसं काही होत नाही, निदान नुकसान तरी नाही.

राख खरंच चांगली आहे, विशेषतः बियाण्याच्या मुगाला. चाळलेली, कोरडी गोवऱ्यांची राख किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर घासून काढते आणि तो सुकून मरतो. पण डाळीला राख चालत नाही, धुताना जीव जातो.

बिब्ब्याबद्दल सांभाळून. गहू-ज्वारीत बिब्बे ठेवायची पद्धत जुनी आहे, पण त्याचं काळं तेल अंगावर उततं. धान्य दळताना चुकून बिब्बा जात्यात किंवा गिरणीत गेला तर काय होईल, याचा विचार ठेवणाऱ्याने करावा.

पाऱ्याच्या गोळ्या, बोरिक पावडर, डांबरगोळ्या यांपेक्षा तेल बरं ना?

शंभर टक्के. पारा अन्नाजवळ नकोच. बोरिक कॅरम बोर्डसाठी ठीक, पोटात जाण्यासाठी नाही, आणि डाळ तीनदा धुतली तरी ते सगळं निघेल याची खात्री नाही. डांबरगोळ्यांमधलं नॅप्थालीन तर विषच.

सल्फास, सेल्फॉस वगैरे नावांच्या गोळ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. भारतात या गोळ्या सर्वसामान्यांना विकायला बंदी आहे. त्या फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धुरीकरण करणाऱ्यांसाठी आहेत. तरीही गावात 'ओळखीने' मिळतात आणि राहत्या घरातल्या कोठीत टाकल्या जातात. त्यामुळे झोपेतल्या झोपेत माणसं गेल्याच्या घटना वारंवार घडतात. फॉस्फिनवर उतारा नाही. घरात अशी गोळी असेल तर हे पान वाचणं थांबवून आधी तिची विल्हेवाट लावण्यासाठी कृषी सहायकाला विचारा.

फॉस्फिन इतकं परिणामकारक आहे, तर संशोधक तेलांच्या मागे का लागले?

दोन कारणं. मिथाइल ब्रोमाइड हा जुना धुरीचा वायू ओझोन थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार बंद झाला : विकसित देशांत 2005 पर्यंत, बाकीच्यांत 2015 पर्यंत. निर्यातीच्या मालाच्या क्वारंटाइनसारखे मोजके अपवाद राहिले. उरलं फॉस्फिन. अन्न आणि कृषी संघटनेच्या 1972-73च्या जागतिक पाहणीतच त्याला न जुमानणारे किडे सापडले होते. त्यानंतर आपल्याकडच्या गोदामांतल्या तांबड्या भुंगेऱ्यांत आणि दाणे पोखरणाऱ्या छोट्या भुंगेऱ्यांत ही प्रतिकारशक्ती वाढत गेली. अर्धवट झाकलेल्या थप्पीला कमी मात्रेत धुरी द्यायची आपली सवय त्याला जबाबदार आहे.

तेलात अनेक घटक असल्यामुळे किड्यांना त्याची सवय लागायला वेळ लागेल, अशी आशा आहे. आशाच म्हणतो, कारण मोठ्या प्रमाणावर कुठे वर्षानुवर्षं तेलं वापरलेलीच नाहीत.

आमच्या शेतकरी कंपनीचं 50 टनांचं गोदाम आहे. तिथे तेल वापरता येईल?

आजच्या घडीला नाही. एवढ्या हवेत वाफ टिकवायचा खर्च परवडणार नाही आणि वास मालाची किंमत पाडेल. तुमचं काम साधं पण चिकाटीचं आहे : जुना कचरा आणि सांडलेले दाणे झाडून जाळणं, फटी लिंपणं, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट दूर लावणं, परवानाधारकाकडूनच धुरी करून घेणं, आणि थप्पीत किडे पकडायचे सापळे लावून दर आठवड्याला मोजदाद ठेवणं. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने केलेला, दाण्यात खुपसायचा नळीसारखा सापळा स्वस्त आणि उपयोगी आहे. कीड डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी तो सांगतो.

मग साठवणीत सगळ्यांत जास्त फरक कशाने पडतो?

कोरडेपणाने आणि हवाबंदपणाने. तेल तिसऱ्या क्रमांकावर.

तृणधान्यात ओलावा 12 टक्क्यांच्या आत, कडधान्यात 8 ते 10. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. आणखी खात्री हवी असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून जोरात हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ बाटलीला आतून चिकटलं तर धान्य ओलं आहे. अशा धान्यात लवंगेचं तेल ओतून काही होणार नाही.

हवाबंद साठवण आपल्याला नवी नाही. पेव म्हणजे दुसरं काय? जमिनीत खोल खड्डा, आतून गवत-कडब्याचं अस्तर, तोंड मातीने लिंपलेलं. आत दाणे आणि किडे मिळून प्राणवायू संपवतात आणि मग किडेच गुदमरतात. म्हणून पेव उघडल्यावर कंदील सोडल्याशिवाय कोणी आत उतरत नसे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं याच तत्त्वावर चालत, 2005च्या महापुराने त्यांची वाताहत केली. आज याच तत्त्वाच्या तीन थरांच्या पिशव्या मिळतात. मूळ कल्पना 1980च्या दशकात कॅमेरूनमध्ये चवळी वाचवण्यासाठी तयार झाली. अशी एक पिशवी आणि पूर्ण वाळलेली तूर असेल तर सुगंधी तेलाचा प्रश्नच उरत नाही.

बियाणं म्हणून ठेवायच्या धान्याला सुगंधी तेल चालेल?

टाळा. याच तेलांमुळे उगवण घटू शकते. लवंग आणि पुदिन्याचं तेल तर साठवलेल्या बटाट्याला कोंब फुटू नयेत म्हणून मुद्दाम वापरतात, यावरून समजा. कडधान्याच्या बियाण्याला किलोला 5 ते 10 मिलिलिटर खाद्यतेल नाहीतर कडुलिंबाचं तेल चोळा, किंवा राख. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायची, ते तर नेहमीचंच.

कोकणात आणि गोव्यात भात ठेवावा की तांदूळ?

भात. टरफल शाबूत असेल तर सोंड्याला आत शिरणं अवघड जातं. दाण्यातला पतंग आणि छोटा भुंगेरा मात्र भातालाही सोडत नाहीत. पावसाळ्यापुरता तांदूळ लागतो तेवढाच कांडून घ्या, बाकी भात कणगीतच राहू दे.

अमेरिकेतल्या मुलीकडे जाताना आंबेमोहोर न्यायचा आहे. लवंगेचं तेल लावून पॅक केला तर?

लवंग लावा नाहीतर चंदन, फरक पडणार नाही. खाप्रा भुंगेरा असलेल्या देशांतून प्रवाशांच्या सामानात तांदूळ न्यायला अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मनाई आहे, आणि विमानतळावर पिशवी काढून घेतील. तिकडच्या भारतीय दुकानातूनच घ्या.

भाकरीला वास येतो का?

पुरचुंडी वापरली आणि दळायच्या आधी धान्य दोन दिवस सुपात पसरून वारा दिला तर सहसा नाही. पुदिना आणि निलगिरीचा वास रेंगाळतो, ओव्याचा भाकरीत खपून जातो. तांदूळ वास पटकन धरतो. आंबेमोहोर, इंद्रायणीला तर असलं काही लावायचा विचारही नको, मग त्यांना जास्त पैसे कशाला द्यायचे?

बाटली घेताना काय बघायचं? घरी काढता येईल का?

लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असावं, फक्त 'लेमनग्रास फ्रॅग्रन्स' नसावं. 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम ऑइल' लिहिलेलं बहुतेक कृत्रिम सुवास असतं. निलगिरीतही दोन जाती आहेत : एकीत सिनिओल, दुसरी लिंबाच्या वासाची, सिट्रोनेलालवाली. वरची कागदाची परीक्षा इथेही करा. घाण्याचं तेल मिसळून वजन वाढवलेली बाटली लगेच उघडी पडते.

घरी गवती चहा उकळून तेल मिळत नाही, काढा मिळतो. त्याला वाफेची भट्टी लागते, आणि एक किलो तेलाला साधारण दीडशे-दोनशे किलो हिरवं गवत. गवती चहाची शेती करणाऱ्या गटाकडे भट्टी असेल तर तिथूनच घेणं शहाणपणाचं.

घरात लहान मूल आहे, मांजर आहे. काळजी काय घ्यायची?

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नाही. निलगिरीचं तेल आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. चमचाभरही धोक्याचं, म्हणून बाटली वरच्या कपाटात आणि कुलपात. लवंग, दालचिनीचं तेल उघड्या हाताला लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, हातमोजे घाला. मांजराचं यकृत यातले बरेच घटक पचवू शकत नाही. मांजर ज्या खोलीत झोपतं तिथे तेलाचे डबे उघडू नका.

हे विकायचं असेल तर परवानगी लागते का?

'किडे मारणारं' म्हणून काहीही विकायचं झालं तर 1968च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदणी लागते. वनस्पतीजन्य असलं म्हणून सूट नाही. अमेरिकेत लवंग, दालचिनी, पुदिना, गवती चहा, सिट्रोनेला अशा काही तेलांना कमी धोक्याची म्हणून नोंदणीतून वगळलं आहे, पण तो तिकडचा नियम. बचत गटाने 'धान्यरक्षक तेल' अशी चिठ्ठी लावून विकायला सुरुवात करण्याआधी हे पक्कं माहीत हवं.

उरलेलं तेल पुढच्या वर्षी चालेल?

गडद काचेच्या बाटलीत, गच्च बूच लावून, थंड जागी ठेवलं तर लवंग आणि दालचिनी आरामात वर्षभर टिकतात. संत्र-लिंबाच्या सालीचं तेल हवेने लवकर बिघडतं आणि मग कातडीला जास्त झोंबतं. प्लास्टिकच्या बाटलीत काहीच ठेवू नका, तेल प्लास्टिक मऊ करतं. आणि बाटलीवर महिना-वर्ष लिहून ठेवा, वासावरून वय कळत नाही.